गावाहून आलं की इंटरनेट बंद: पाय-होल, अनबाउंड आणि मागे राहिलेलं घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या घरात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर जाहिराती अडवणारा पाय-होल, पाय-होलच्या मागे डीएनएसचं काम, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधायचं काम, करणारा अनबाउंड आणि त्याच पायवर घरचे फोटो-फाइली ठेवणारा नेक्स्टक्लाउड. एरवी महिनोन्महिने बिनतक्रार चालतं. गेल्या वर्षी गणपतीला गावी जाऊन आल्यावर घरातलं सगळं इंटरनेट बंद. इंटरनेटच्या लाइनवाल्यांचा माणूस येऊन 'आमच्याकडून ओके आहे' असं सांगून गेला. राउटरमध्ये डीएनएस म्हणून गुगलचा ८.८.८.८ टाकल्यावर घर चालू झालं, पाय मात्र तसाच. शेवटी पाय पुसून सगळं नव्याने इन्स्टॉल केलं आणि चाललं. मेच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच, आणि यंदाच्या गणपतीनंतर आता तिसऱ्यांदा. प्लग काढून, लावून, रीबूट मारून बघितलं तर कधीच बिघडत नाही. मग कार्ड खराब आहे, लाइनवाले डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट अडवतात, की पाय-होलचं अपडेट नडतंय? आणि डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी) बंद करून टाकलं तर सुटेल का?

उत्तर आधी सांगतो. कार्ड ठीक आहे, लाइन ठीक आहे, पाय-होलही ठीक आहे. तुमच्या पायला आज कोणती तारीख आहे ते माहीत नाही, आणि तारीख विचारायला जाण्याचा रस्ता त्यानेच स्वतः बंद करून घेतला आहे. डीएनएससेक बंद केलं तर लक्षण जाईल, पण ते करू नका. यापेक्षा सोपा आणि चांगला उपाय आहे.

हे कशावरून म्हणतो? तुमच्या वर्णनात अगदी शेवटी एक वाक्य आहे: 'शिवाय नेक्स्टक्लाउडमध्ये लॉगिन करताना मोबाइलवरचा सहा आकडी कोडही चुकीचा म्हणून परत येतो, पण तो वेगळा प्रॉब्लेम असावा.' तो वेगळा प्रॉब्लेम नाही, तोच मुद्द्याचा पुरावा आहे. तो कोड तयार व्हायला इंटरनेट लागतच नाही. मोबाइल आणि सर्व्हर दोघेही एक गुप्त किल्ली आणि आत्ताची वेळ घेऊन आपापला हिशेब करतात, दर ३० सेकंदांनी नवा. किल्ली बदललेली नाही. मग दोघांचे आकडे जुळत नसतील तर चूक वेळेतच असणार. डीएनएस बंद असतानाही जी गोष्ट घरातल्या घरात चालायला हवी ती चालत नाहीये, म्हणजे दुखणं डीएनएसच्या खाली कुठेतरी आहे.

दुसरा पुरावा वेळापत्रकाचा. तिन्ही वेळा घर बरेच दिवस बंद होतं. आपल्याकडे गावी निघताना काय होतं? गॅसचा कॉक बंद, नळ बंद आणि शेवटी दारात उभं राहून कुणीतरी मेन स्विच खाली करतं. तुम्ही 'पाय बंद केला होता' असं लिहिलेलं नाही, कारण तुम्ही केलाच नव्हता. घरातल्या मोठ्यांनी अख्खं घर बंद केलं. आठ-दहा दिवस पाय विजेशिवाय पडून होता.

आता यंत्राकडे येऊ. साध्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर वीज नसतानाही घड्याळ चालू राहतं. पाय ४ आणि त्याआधीच्या कुठल्याच पायवर असं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ गेली. मग चालू झाल्यावर तारीख येते कुठून? रास्पबेरी पाय ओएसवर यासाठी एक जुगाड असतो, 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' नावाचा. तो दर तासाला आणि नीट शटडाउन होताना आत्ताची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच घड्याळ सुरू करतो. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची, वेळ मिळवणारी 'टाइमसिंकडी' ही सेवाही स्वतःची एक फाइल ठेवते आणि तिच्यावर शेवटची तारीख जपते. दोन्हींचा अर्थ एकच: घड्याळ निदान मागच्या वेळेच्या मागे जाऊ नये. मधे किती काळ गेला हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. तुम्ही कोकणकन्या पकडलीत त्या रात्रीची तारीख पायच्या डोक्यात राहते आणि दहा दिवसांनी मेन वर केला की पाय त्याच रात्रीपासून पुढे मोजायला लागतो.

एरवी याचा त्रास होत नाही, कारण चालू झाल्यावर काही सेकंदांत टाइमसिंकडी इंटरनेटवरच्या एखाद्या वेळ-सर्व्हरला विचारून घड्याळ दुरुस्त करते. पण त्या सर्व्हरचा पत्ता तिच्याकडे नावाने असतो, डेबियन लिनक्सच्या वंशात बहुधा पूल.एनटीपी.ऑर्गच्या खालचं एखादं नाव. नावाचा आयपी हवा म्हणजे डीएनएस हवा. तुमच्या पायने स्वतःचा डीएनएस म्हणून स्वतःलाच नेमलं आहे. म्हणजे प्रश्न पाय-होलकडून अनबाउंडकडे जातो, आणि अनबाउंड डीएनएससेकच्या सह्या तपासतो.

इथे गाठ बसते. डीएनएससेकमध्ये प्रत्येक सहीला दोन तारखा असतात, कधीपासून ग्राह्य आणि कधीपर्यंत. रूट झोनवर, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, २०१० सालापासून सह्या आहेत आणि तिथल्या बहुतेक नोंदींवरच्या सह्या सुमारे तेरा दिवसांच्याच असतात. त्या सतत नव्याने केल्या जातात. आज तुम्हाला मिळणारी सही फार तर काल-आजची असते. दहा दिवस मागे असलेल्या घड्याळाला ही सही भविष्यातली वाटते. अनबाउंडच्या दृष्टीने ती अजून लागूच झालेली नाही, म्हणून तो ती नाकारतो आणि 'सर्व्हफेल', म्हणजे 'जमलं नाही', असं उत्तर देतो. पूल.एनटीपी.ऑर्गवर स्वतःची सही नाही, मग ते का अडतं, असं कुणी विचारेल. अडतं, कारण 'या नावावर सही नाही' हे सांगणारा पुरावा .ऑर्गकडून सहीसकट यावा लागतो आणि त्याची साखळी रूटपर्यंत जाते. ती वरच तुटलेली असते.

थोडक्यात, वेळ मिळवायला डीएनएस हवा आणि डीएनएसवर विश्वास ठेवायला वेळ हवी. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं. हे वाट बघून बरं होणारं दुखणं नाही. महिनाभर चालू ठेवलं तरी पाय तितकेच दिवस मागे राहील.

आता तुम्हाला चकवलेल्या गोष्टी एकेक करून बघू, कारण या बगचा चिवटपणा तिथेच आहे.

पाच मिनिटं प्लग काढून बघितलं तर काहीच होत नाही, बरोबर. फाइलमधली वेळ जास्तीत जास्त तासभर जुनी असते. अनबाउंड घड्याळाच्या थोड्याफार चुकीकडे मुद्दाम काणाडोळा करतो. सहीच्या आयुष्याच्या दहा टक्के, पण कमीत कमी एक तास आणि जास्तीत जास्त एक दिवस, अशी त्याची मुळातली सेटिंग आहे. म्हणून काही तास वीज जाऊन आली तरी सगळं सुरळीत उठतं. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळून मुंबई आणि आसपासची वीज गेली होती आणि काही भागांत ती कित्येक तासांनी आली. तेवढ्याने हा बग जागा होत नाही. त्यामुळे 'वीज जाऊन आली तर चालतं, म्हणजे विजेचा संबंध नाही' असा निष्कर्ष कुणीही काढेल. वीज गेली का हा प्रश्नच चुकीचा आहे. किती वेळ गेली हे विचारायला हवं होतं. एक-दीड दिवसाच्या आत असेल तर निभावतं, त्याच्या पलीकडे नाही. चाचणी करताना तुम्ही खऱ्या घटनेतली सगळी लक्षणं हुबेहूब उभी केलीत, फक्त कालावधी सोडून, आणि बग नेमका कालावधीतच होता.

नव्याने इन्स्टॉल केल्यावर बरं होतं हे त्याहून फसवं. इथेच बहुतेक लोक कार्डावर नाहीतर अपडेटवर येऊन थांबतात. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. ऑपरेटिंग सिस्टमची नवी प्रतिमा कार्डावर टाकली की पहिल्यांदा पाय राउटरने दिलेला डीएनएस वापरतो. पाय-होल नाही, अनबाउंड नाही, सह्यांची तपासणी नाही. त्या पहिल्या मिनिटातच तो वेळ विचारतो, त्याला मिळते, घड्याळ बरोबर होतं. त्यानंतर तुम्ही अनबाउंड टाकता आणि पायला स्वतःकडे वळवता. तोपर्यंत तारीख बरोबर असते, म्हणून सगळं चालतं, पुढच्या लांब सुट्टीपर्यंत. दुरुस्ती इन्स्टॉल केल्याने झाली नाही, इन्स्टॉल करतानाच्या क्रमामुळे झाली.

कार्डाचा संशय तर तुमच्याच माहितीतून फिटतो. तुम्ही त्याच कार्डावर पुन्हा इन्स्टॉल केलंत आणि ते महिनोन्महिने चाललं. मरायला टेकलेलं कार्ड असं वागत नाही. ते फाइलसिस्टम फक्त-वाचनीय करून टाकतं, कर्नलच्या लॉगमध्ये चुकांच्या ओळी ओकतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणाने कनेक्टर गंजतात हे खरं, पण गंज गणपती आणि मे असे मुहूर्त बघत नाही.

लाइनवाल्यांचं पोर्ट अडवणं तपासायचं असेल तर रूट सर्व्हरलाच थेट विचारा. 'डिग' या डीएनएसला प्रश्न विचारायच्या कमांडने १९८.४१.०.४ या पत्त्यावर, म्हणजे ए-रूटवर, रूटच्या एनएस (नेमसर्व्हरच्या) नोंदी मागा. उत्तर आलं तर पोर्ट मोकळं आहे. बाकी याच लाइनवर, याच अनबाउंडने मधले सहा-आठ महिने नीट काम केलंय, हे मला पुरेसं आहे.

राउटरमध्ये ८.८.८.८ टाकल्यावर घर चालू झालं आणि पाय नाही, याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. पाय राउटरला विचारतच नाही.

आता खात्री कशी करायची. पुढच्या वेळी, किंवा आत्ताच पाय अजून त्याच अवस्थेत असेल तर, कीबोर्ड लावा किंवा आयपीने एसएसएच करा (दुसऱ्या संगणकावरून आत शिरा) आणि सगळ्यात आधी 'डेट' ही कमांड द्या. एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही, कारण मोबाइलवर, लॅपटॉपवर, भिंतीवर सगळीकडे बरोबर तारीख दिसत असते. मग 'टाइमडेटसीटीएल' चालवा. त्यात घड्याळ सिंक झालंय का ती ओळ 'नो' दाखवेल. त्यानंतर खरी परीक्षा: 'डिग'ने कुठलंही नेहमीचं नाव थेट अनबाउंडला विचारा, पाय-होलला मधे न घेता. पाय-होलच्या मार्गदर्शिकेप्रमाणे बसवलं असेल तर अनबाउंड ५३३५ पोर्टवर असतो. उत्तर 'सर्व्हफेल' येईल. मग तोच प्रश्न 'प्लस सीडी' हा पर्याय जोडून विचारा. याने तपासणी बंद ठेवून उत्तर मागता येतं. आता जर आयपी आला तर प्रश्न मिटला: जाळं चालू आहे, रूटपर्यंत रस्ता आहे, अनबाउंडला उत्तर मिळतंय आणि तो ते फक्त सहीमुळे फेकून देतोय. डीएनएसच्या कुठल्याही तक्रारीत ही जोडी मी सगळ्यात आधी चालवतो. पोर्ट, केबल, राउटर, लाइन यांचा अर्धा दिवसाचा वाद ती दोन ओळींत संपवते.

अनबाउंडच्याच तोंडून ऐकायचं असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'व्हॅल-लॉग-लेव्हल' दोनवर ठेवा. लॉगमध्ये प्रत्येक नाकारलेल्या नावापुढे कारण छापलं जातं. सही सुरू होण्याच्या तारखेआधीची वेळ आहे, अशा अर्थाची ओळ दिसली की आणखी पुराव्याची गरज नाही. ही सेटिंग मी कायमची चालूच ठेवतो. एरवी लॉग फुगत नाही.

तात्पुरता उपाय आधी, कारण घरात लोक खोळंबलेले असतात. 'डेट' कमांडला सुडो लावून आजची तारीख आणि वेळ हाताने द्या. सेकंदाला सेकंद जुळवत बसू नका, घड्याळ दोन-पाच मिनिटं इकडेतिकडे असलं तरी सह्या चालतात. अनबाउंड नाकारलेलं उत्तर साधारण मिनिटभर लक्षात ठेवतो, म्हणून एक तर मिनिट थांबा नाहीतर अनबाउंड रीस्टार्ट करा. डीएनएस उठेल, मग टाइमसिंकडी स्वतःच नेमकी वेळ आणेल. पुसायचं नाही, इन्स्टॉल करायचं नाही.

कायमच्या उपायात गाठ एका जागी तोडायची आहे. ती वेळेच्या बाजूने तोडावी, सह्यांच्या बाजूने नाही, असं माझं ठाम मत आहे. टाइमसिंकडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एनटीपी' (जाळ्यावरून वेळ जुळवायची पद्धत) ही ओळ असते, बहुधा कॉमेंट केलेली. तिथे नावांऐवजी आयपी लिहा. क्लाउडफ्लेअरच्या वेळ-सेवेचे १६२.१५९.२००.१ आणि १६२.१५९.२००.१२३ हे पत्ते आहेत. गुगलचे २१६.२३९.३५.० आणि २१६.२३९.३५.४, शिवाय पुढे ८ आणि १२ वर संपणारे आणखी दोन. एकाच सेवेचे दोन पत्ते घ्या. दोन वेगवेगळ्या सेवा मिसळू नका, कारण लीप सेकंद (अधूनमधून वेळेत घातला जाणारा जादा सेकंद) हाताळण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. सेवा रीस्टार्ट करा. झालं. वेळ विचारायला आता नावाची गरजच उरली नाही, म्हणून डीएनएस बंद असला तरी घड्याळ जुळतं आणि घड्याळ जुळलं की डीएनएस उठतो. काही राउटर स्वतःच वेळ देतात. तसा असेल तर राउटरचा आयपी पहिला लिहा.

काही जण उत्साहाने भारतीय वेळ-सर्व्हर लावतात. भारतीय प्रमाणवेळ राखणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे, सरकारी एनआयसीचेही 'समय' नावाचे सर्व्हर आहेत. ते जरूर वापरा, पण नावाने लिहिलेत तर याच खड्ड्यात पडाल. देश बदलून गाठ सुटत नाही.

पाय-होल सहाव्या आवृत्तीवर असाल तर आणखी एक जागा बघा. या आवृत्तीपासून पाय-होल स्वतःही घड्याळ जुळवायला बघतो आणि त्याचाही मूळ पत्ता पूल.एनटीपी.ऑर्ग हाच आहे. तिथेही आयपी घाला, नाहीतर ते बंद करून घड्याळाचं काम एकट्या टाइमसिंकडीकडे ठेवा. एका घड्याळाला दोन मालक नसावेत.

दुसरी वाट अनबाउंडमध्ये आहे. 'डोमेन-इनसिक्युअर' या सेटिंगने फक्त पूल.एनटीपी.ऑर्गपुरती सह्यांची तपासणी सोडता येते. त्या नावावर मुळात सही नाहीच, त्यामुळे फारसं काही गमवावं लागत नाही. ज्यांना आयपी लिहून ठेवणं पटत नाही त्यांच्यासाठी हे ठीक आहे. पण कॉन्फिगमधली अशी सूट दोन वर्षांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून मला ती दुसऱ्या नंबरवरच बरी वाटते.

'व्हॅल-ओव्हरराइड-डेट' नावाची आणखी एक सेटिंग सापडेल. ती उणे एकवर ठेवली की अनबाउंड तारखा बघतच नाही. ही कायमची ठेवू नका. मग कुणीही जुनी, मुदत संपलेली सही पुन्हा वापरून तुम्हाला जुनं उत्तर गळ्यात मारू शकतो. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीवाल्यांनी या कल्पनेचा योग्य वापर केला आहे. राउटरमध्येही बॅटरीचं घड्याळ नसतं, म्हणून त्यांच्याकडच्या अनबाउंडमध्ये अशी सोय आहे की चालू होताना तारखा दुर्लक्षित ठेवायच्या आणि एनटीपीने वेळ दिली की पूर्ण तपासणी सुरू करायची. डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरमध्येही याच कामाचे दोन पर्याय आहेत. सिस्टमडीच्या लेखकांनी तर टाइमसिंकडीच्या सर्व्हिस फाइलमध्येच तिच्या नाव-चौकशीपुरतं डीएनएससेक बंद ठेवलं आहे, आणि ही गाठ तोडायला म्हणूनच, असं तिथे टीपेत लिहिलंही आहे. पण ते फक्त सिस्टमडीचा स्वतःचा रिझॉल्व्हर (नावाचा आयपी शोधणारा भाग) वापरला तर लागू पडतं. तुमची चौकशी पाय-होलमार्गे जाते, तिथे त्याचा उपयोग नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही काही वेडवाकडं बसवलंय असं मुळीच नाही. माहीत असलेली अडचण आहे, फक्त पाय-होल आणि अनबाउंड जोडण्याच्या प्रचलित कृतीत तिची दखल घेतलेली नाही.

अनबाउंड काढून डीओएच (एचटीटीपीएसमधून जाणारा डीएनएस) लावा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलेलं दिसतं. त्याने गाठ सुटत नाही, फक्त सैल होते. एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रालाही 'या तारखेपासून' असतंच. तुम्ही गावी असताना समोरच्याने प्रमाणपत्र नवं केलं असेल तर मागे राहिलेलं घड्याळ ते नाकारेल, केलं नसेल तर चालेल. म्हणजे आता प्रत्येक सुट्टीनंतर बिघडणारी गोष्ट दोन-चार सुट्ट्यांतून एकदा बिघडेल. तसला बग तर शोधायला याहून अवघड.

मनापासून काम करायचं असेल तर पायला घड्याळ विकत घेऊन द्या. डीएस३२३१ नावाची चिप असलेलं छोटं मॉड्यूल मिळतं. वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आसपास चुकतं, त्याहून जास्त नाही. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात 'पायसाठी आरटीसी' (रिअल टाइम क्लॉक) म्हणून मागा. दोन प्रकार दिसतील. एक अगदी लहान, थेट पायच्या पिनांवर बसणारा. दुसरा मोठा निळा बोर्ड, नाण्याएवढ्या सेलची जागा असलेला. मोठा घेतलात तर तो ३.३ व्होल्टच्या पिनेवरच जोडा, ५ व्होल्टवर नाही. पायच्या डेटा पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. शिवाय त्या बोर्डावर चार्जिंगची सोय रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी केलेली असते, आणि ५ व्होल्टवर तिथे साधा सीआर२०३२ बसवला तर तो विनाकारण चार्ज होत राहतो. सेलला ते मानवत नाही. मग पायच्या कॉन्फिगमध्ये आय-टू-सी (चिपशी बोलायची जोडणी) चालू करायचं, आरटीसीचा ओव्हरले डीएस३२३१साठी लावायचा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकायचा आणि बरोबर वेळ असताना ती एकदा 'एचडब्ल्यूक्लॉक'ने चिपमध्ये लिहायची. फेकवाला काढायला विसरू नका, नाहीतर चालू होताना जुनी वेळ आणि खरी वेळ यांची ओढाताण होते.

पाय ५ वर घड्याळाची चिप आहे, हे खरं, पण तिची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. ती न लावता 'पाय ५ ला हा त्रास नाही' म्हणणारे पुढच्या गणपतीत भेटतील. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांनीही मदरबोर्डवरचा सेल बघून घ्यावा. तो संपला की तारीख काही दिवस नाही, काही वर्षं मागे जाते.

मॉड्यूल लावलं तरी आयपीवाला बदल ठेवाच. सेल आज ना उद्या संपणार आणि तेव्हा तुम्हाला आठवण करून द्यायला कुणी येणार नाही.

राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ ठेवावा का, हा तुमचा उपप्रश्न. नको. दुसरा म्हणजे पहिला पडल्यावरचा, असं उपकरणं मानत नाहीत. ती वाटेल तेव्हा दोघांपैकी कुणालाही विचारतात. जाहिराती अर्ध्या अडतील, अर्ध्या येतील आणि पाय बिघडला तर कळणारही नाही. त्यापेक्षा राउटरची सेटिंग कशी बदलायची ते घरातल्या एखाद्याला दाखवून ठेवा. आणि मेन स्विच खाली करू नका असं आईवडिलांना सांगत बसू नका. बंद घरात वीज चालू ठेवू नये हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ते सर्व्हरने सोसायला हवं.

बदल केल्यावर तो टिकतो का हे बघायला पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. आधी टाइमसिंकडी थांबवा, तारीख बारा दिवस मागे न्या, अनबाउंड रीस्टार्ट करा आणि डिग चालवा. 'सर्व्हफेल' आलं म्हणजे बग तुमच्या हातात आला. रीस्टार्ट न करता बघितलं तर आधी तपासून ठेवलेली उत्तरं कॅशमधून येतील आणि सगळं ठीक वाटेल. मग टाइमसिंकडी सुरू करा. मिनिटभरात घड्याळ आजवर यायला हवं आणि डिगला उत्तर मिळायला हवं.

रीबूटसकट चाचणी करायची असेल तर एक खाच आहे. नुसती तारीख मागे नेऊन रीबूट केलं की फेकवाला मागची तारीख लिहून ठेवतो, पण टाइमसिंकडीच्या फाइलवर अजून खरी तारीख असते आणि चालू होताना ती घड्याळ पुढे ओढून आणते. चाचणी पास होते आणि ती खोटी असते. म्हणून सेवा थांबवून, 'टच' कमांडने त्या फाइलचीही तारीख मागे न्या, मग रीबूट करा. घड्याळाचं मॉड्यूल लावणार असाल तर ही चाचणी ते लावण्याआधी करा, नंतर ते तुम्हाला मागे जाऊच देणार नाही.

राहिलं नेक्स्टक्लाउड. घड्याळ मागे असताना मोबाइलवरून जे फोटो चढले असतील त्यांच्या आतली, कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख बरोबरच असते, त्यामुळे फोटो हरवलेले नाहीत. सर्व्हरवरची चढवल्याची वेळ आणि लॉगच्या नोंदी मात्र जुन्या दिसतील, तिकडे दुर्लक्ष करा. रात्रीचा बॅकअप त्या काळात चालला असेल तर त्याची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. जुन्या प्रती तारखेवरून आपोआप उडवण्याचा नियम लावला असेल तर चुकीच्या तारखेची प्रत ओळखून ठेवा, आणि घड्याळ बरोबर असताना एक नवा बॅकअप आजच हाताने चालवून घ्या.